व्यापार मेळे आणि दुभंगलेले देश : एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. दुभंगलेल्या देशांनी संयुक्त व्यापार मेळे आणि उद्योग परिषदा भरवाव्यात, या माझ्या सूचनेवर आपण लिहिले आहे की, हे सारे व्यापाऱ्यांचे चहापान असते आणि राजकारण बिघडताच ते गुंडाळले जाते. पुरावा म्हणून आपण कोरियातील केसाँगचे उदाहरण दिले आहे.

केसाँगबाबत आपले म्हणणे मला मान्य आहे. २००४ मध्ये उत्पादन सुरू झालेल्या त्या औद्योगिक वसाहतीत उत्तर कोरियाचे ५० हजारांहून अधिक कामगार दक्षिणेकडील कंपन्यांसाठी राबत होते. तरीही उत्तरेच्या अणुचाचणी आणि रॉकेट उड्डाणानंतर, फेब्रुवारी २०१६ मध्ये, दक्षिण कोरियाने कामकाज थांबवले आणि उत्तरेने दुसऱ्याच दिवशी दक्षिणेच्या माणसांना बाहेर काढले. व्यापाराने जुळलेली नाती तुटत नाहीत, हे माझ्या लेखातील विधान मी मागे घेतो.

चहापानाचा मुद्दा मात्र मला पटत नाही. ग्रीक दक्षिण आणि तुर्की उत्तर अशा दुभंगलेल्या सायप्रसमध्ये, युरोपीय संघाच्या २००४ च्या ‘ग्रीन लाइन’ (म्हणजे विभाजनरेषेच्या) नियमांनुसार, उत्तरेतील माल दक्षिणेत न्यायचा तर सोबत एक दाखला लागतो. तो द्यायचा कोणी? उत्तरेच्या प्रशासनाला दक्षिणेतील सरकार मानतच नाही, त्यामुळे त्याचा शिक्का चालत नाही. म्हणून बटाट्याच्या पोत्यांबरोबर जाणाऱ्या त्या कागदावर सही असते ती तुर्की सायप्रियट चेंबर ऑफ कॉमर्सची, म्हणजे व्यापाऱ्यांच्याच संस्थेची. सरकारांना जिथे सही करता येत नाही तिथे ती करू शकणारी माणसे ऐनवेळी सापडत नाहीत. त्यांची आधीपासून ओळख असावी लागते, आणि अशा ओळखीला परिषदेइतकी सोयीची जागा मला दुसरी दिसत नाही.

जर्मनीतही १९५१ चा बर्लिन व्यापार करार दोन राष्ट्रांमध्ये नव्हे, तर दोन ‘चलनक्षेत्रां’मध्ये झाला, कारण एकमेकांना मान्यता देण्याचा प्रश्न त्यामुळे टळला. पूर्व जर्मनीतील लाइपझिगचा व्यापार मेळा वसंतात आणि शरदात भरे. १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिल्यानंतरच्या दशकांतही पश्चिम जर्मन कंपन्या तिथे दालने मांडत, आणि पश्चिमेचे राजकीय नेते मेळ्याच्या निमित्ताने पूर्व जर्मनीचे नेते होनेकर यांना भेटत. खास निमंत्रण दिले असते तर त्याचे शंभर अर्थ काढले गेले असते; मेळ्याला जाण्यासाठी कारण सांगावे लागत नसे.

म्हणून माझी सूचना आता अधिक नेमकी आहे : मेळ्याच्या तारखा दरवर्षी त्याच असाव्यात, आणि यजमानपद सरकारांऐवजी दोन्हीकडच्या व्यापारी संघटनांकडे असावे. लाभ मोठ्या कंपन्याच उचलतात, हा आपला दुसरा आक्षेप रास्त आहे. लहान उत्पादकांसाठी दालनाचे भाडे याच संघटनांनी भरावे, असे मला वाटते.