यात्रेला रविवारची सुट्टी कुणी लावली?

काल रात्री साडेबाराला साताऱ्यात घरी पोचलो. पोटात तीन गावांचं मटण, गाडीत धुरळा, बायको गप्प. एकाच रविवारी तीन यात्रा! सकाळी आमचं गाव, कोरेगाव तालुक्यात. दुपारी सासुरवाडी, वडूजच्या पुढं. संध्याकाळी बहिणीकडं कराडला. वैशाखातलं ऊन, आणि मी नुसता गाडी हाकतोय, जेवतोय, परत हाकतोय.

बरं, 'नको' म्हणायची कुठं सोय नाही. मेहुणा ताटापाशी उभाच. "दाजी, सकाळचं ते तुमच्या गावचं. आमच्यात जेवत नाही का?" असं म्हणत वाडगाभर तरी ओतली. बहिणीकडं पोचेस्तोवर आठ वाजले, तर ती दारातच, "सासुरवाडी आधी, बहीण मागनं. चालू द्या." हायवेला दीड तास अडकलो होतो हे तिला सांगून पटणारे? त्या पट्ट्यातला प्रत्येक माणूस काल कुठल्या ना कुठल्या यात्रेला निघाला होता!

पूर्वी यात्रा तिथीवर असायची. आमची मंगळवारी आली तर मंगळवारी, सासुरवाडीची चार दिवसांनी, बहिणीची पुढल्या पंधरवड्यात. निवांत जेवून, कुस्त्या बघून, तमाशाला बसून माणूस माघारी यायचा. आता कमिटीत पुण्या-मुंबईच्या पोरांचा शब्द चालतो. रजा मिळत नाही म्हणे! माझा आजा १९८२ च्या संपाआधी मुंबईत गिरणीत बदली कामगार होता. एक खाडा म्हणजे एक दिवसाचा पगार गेला. तो माणूस खाडे करून, पत्र्याची पेटी घेऊन तिथीला गावात हजर. ह्यांना मांडीवर लॅपटॉप घेऊन गावातनं काम करता येतं, तरी रविवारच पाहिजे.

बावधनचं बगाड बघा. रंगपंचमी म्हणजे रंगपंचमी, मग वार कुठला का असेना. शिंगणापूरला मुंगी घाटातनं कावडी चढतात त्या चैत्र शुद्ध द्वादशीलाच. सासवडहून तेल्या भुत्याची कावड निघते, ती काय शनिवार बघून निघते? आणि बोरीचा बार! सुखेड-बोरीच्या बायका ओढ्याच्या दोन्ही काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्या घालतात, त्यासुद्धा नागपंचमीच्या दुसऱ्याच दिवशी. शिव्यांना तिथी आहे, आमच्या भैरोबाला नाही.

पालखी मात्र तिथीलाच काढावी लागते, तेवढी अजून कमिटीला हलवता आलेली नाही. म्हणून बुधवारी अर्धी रजा टाकून मी गेलो. खांदेकरी मोजून सहा, त्यातले दोघं सत्तरीचे. माझा खांदा अजून दुखतोय. छबिना देवळाला एक फेरी मारून दहा मिनिटांत आत. गुलालाचं पोतं निम्मंसुद्धा सरलं नाही. त्यातला एक म्हातारा तर मधेच दम खायला पारावर बसला, मग गुरवानंच दांडी धरली.

आणि काल? देवळापुढं डीजेच्या भिंती, पत्रे थरथरतायत, गाभाऱ्यात घंटा ऐकू येईना. वर्गणी दिलेल्यांच्या फोटोंचा फ्लेक्स देवळाच्या दारापेक्षा मोठा. माझ्याच रानात न विचारता तीन गाड्या लावलेल्या. त्यातल्या एकातनं उतरलेला गॉगलवाला मलाच विचारतो,

"काका, पालखी किती वाजता?"

म्हटलं, "बुधवारी झाली."

"अरेरे. मग कुणाकडं व्हिडिओ असेल ना?"