तीस मिलिलिटर नीळ

पन्नाशी ओलांडल्यावर कपाळावरच्या आठ्या कायमच्या मुक्कामाला आल्या, तेव्हा धरमपेठेतल्या एका दुकानातून मी पेप्टाइडचे सीरम 1,100 रुपयांना आणले. बाटली 30 मिलिलिटरची होती. एका मिलिलिटरचे साधारण वीस थेंब धरले तर थेंबाला पावणेदोन रुपयांहून अधिकच पडत होते, आणि हा हिशेब मी यजमानांच्या कानावर घातला नाही.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी. तिने त्वचेला ‘कोलॅजेन, म्हणजे तुला घट्ट ठेवणारे प्रथिन, तयार कर’ असा निरोप द्यावा, ही अपेक्षा. पण खरी अडचण निरोप्याला घरात शिरण्याचीच आहे. त्वचेचा वरचा थर 500 डाल्टनांहून (डाल्टन हे रेणूंच्या वजनाचे माप) जड रेणूंना सहसा आत घेत नाही, आणि हलके असूनही पाण्याशी सलगी करणारे रेणू त्या तेलकट उंबरठ्यावर अडतात. म्हणून काही पेप्टाइडांना पामिटिक आम्ल जोडतात, म्हणजे पाहुण्याला तेल चोपडूनच दारातून सरकवतात. माझ्या बाटलीतले पेप्टाइड मात्र तांब्याशी संधान बांधलेले होते. 1973 साली लॉरेन पिकार्ट यांना मानवी रक्तद्रवात सापडलेली ही तीनच अमिनो आम्लांची साखळी तांब्यामुळे निळीशार दिसते, आणि माझा घात त्या रंगानेच केला.

ज्या उन्हाने कोलॅजेन मोडते, त्याच उन्हातून, सनस्क्रीन न लावता, भर दुपारी स्कूटरवरून मी ते आणायला गेले होते, हे येथे प्रामाणिकपणे नमूद करते. बाटलीवर ‘थंड जागी ठेवावे’ असे लिहिले होते. नवतप्यात पारा 45 अंशांपुढे गेलेल्या नागपुरात घरातली तशी जागा एकच असल्यामुळे ती फ्रिजमध्ये, पन्ह्याच्या बाटलीशेजारी विसावली.

तेराव्या दिवशी ऑफिसातून परतले, तर गच्चीवर पांढऱ्या चादरी वाळत होत्या आणि मोरीजवळ माझी बाटली ड्रॉपरसकट रिकामी पडली होती. ऐंशीच्या घरातल्या सासूबाई पदराने घाम पुसत म्हणाल्या, “काऊन वं सूनबाई, नीळ फ्रिजात कोन ठेवते?”

मी थेंबांचा हिशेब मनातल्या मनात पुन्हा करीत होते, तोच त्या पुढे म्हणाल्या, “आन् त्या दुकानात परत जाऊ नको. सारी बाटली ओतली, तरी चादरी पिवळ्याच रायल्या.”