कॉलेजचं नाव सांगताना आवाज खाली जातो तेव्हा

आज ऑफिसात मुलाखती घ्यायला बसले होते. समोरच्या मुलीने कॉलेजचं नाव सांगितलं आणि तेवढ्यापुरता तिचा आवाज एकदम खाली गेला. शेजारी बसलेला सहकारी फिसकन हसला. मग तीही हसली. ते सवयीचं हसू मी चांगलं ओळखते.

माझ्या ताईच्या कॉलेजचं नाव असंच होतं. एका देणगीदाराचं आडनाव, पण भलताच अर्थ निघायचा. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीसाठी तिने महिनाभर तयारी केली होती. तिथल्या एका गृहस्थांनी अर्ज मोठ्याने वाचला, कॉलेजच्या नावापाशी थांबले आणि सगळे हसले. पुढे काय विचारलं ते ताईला आजही आठवत नाही.

म्हणून ‘नाव बदलून काय होतं, आधी शिक्षण सुधारा’ असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. अहो, शिकायला कुणी यायला तर हवं!

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात बीव्हर कॉलेज होतं. १८५३ मध्ये बीव्हर गावात मुलींसाठी संस्था निघाली, तिला गावाचंच नाव दिलं. साधी गोष्ट. पुढे तिकडच्या बोलीत त्या शब्दाला बाईच्या शरीरावरून अश्लील अर्थ चिकटला. आणि १९७३ पर्यंत हे मुलींचं कॉलेज! टीव्हीवर थट्टा व्हायची. इंटरनेट आल्यावर तर अश्लील मजकूर अडवणारे फिल्टर कॉलेजची वेबसाइटच अडवायला लागले. प्रवेशाची माहिती शोधणाऱ्या मुलीने काय करायचं? बरं, ते गाव कॉलेजने १९२५ मध्येच सोडलं होतं. गाव सुटलं तरी नावापायी टिंगल सोसायची. शेवटी २००१ मध्ये विद्यापीठ होताना त्यांनी नाव बदललं, आर्केडिया युनिव्हर्सिटी केलं. योग्यच केलं.

खर्च होतो, मान्य. नवं नाव रुजायला वर्षं जातात, तेही मान्य. पण ‘एवढं मनाला लावून घेऊ नये’ हे मला सांगू नका. हसणारा दोन सेकंदांत विसरतो. तिला ते नाव प्रत्येक अर्जावर लिहायचं असतं, जन्मभर. ताई त्या खोलीतून बाहेर आली तेव्हा तिच्या हातातली फाइल घामाने ओली झाली होती.

जुन्या विद्यार्थ्यांचं मात्र मला खरंच वाईट वाटतं. ज्या नावाच्या पाटीखाली जिवाभावाच्या मैत्रिणी मिळाल्या, ती पाटी एक दिवस उतरते. त्यांना रडू आलं तर मी त्यांना काय समजावणार?

संध्याकाळी ताईला फोन केला. विचारलं, तुमच्या कॉलेजचं नाव बदलायला हवं का गं? पटकन म्हणाली, ‘नको. माझ्या सर्टिफिकेटवर तेच आहे.’ मग बराच वेळ काही बोलली नाही.

‘पण लेकीला मी तिथे घातलं नाही,’ म्हणाली.