पदराखाली रडणारे बाळ आणि ‘दूध आटले’ हा गैरसमज

गेल्या काही महिन्यांपासून बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी घरांच्या व्हॉट्सॲप समूहांत एक मजकूर फिरत आहे. बाळ पदराखाली घेतल्यावर रडते, अंग ताणते, तोंड फिरवते, म्हणजे आईचे दूध कमी पडले आहे किंवा बाधले आहे, असे सांगून त्यात चार उपाय दिले आहेत: चार दिवस अंगावरचे बंद ठेवावे, म्हशीचे दूध निम्मे पाणी घालून द्यावे, रात्री बाटली देऊन वर बोटभर मध चाटवावा, आणि बाळंतिणीने पाणी कमी प्यावे. खानापूर तालुक्यात परिचारिका म्हणून माझी पंचवीस वर्षे गेली आहेत, त्यामुळे हा मजकूर वाचून गप्प बसणे मला जमत नाही. चंदगड-आजऱ्याकडून लग्न होऊन इकडे आलेल्या अनेक मुलींना तायी कार्डावरचे (आई-बाळाच्या आरोग्याच्या नोंदीच्या सरकारी कार्डावरचे) कन्नड वाचता येत नाही. मराठीत हाती पडलेला मजकूर त्यांना आपला वाटतो, आणि नेमका तोच चुकीचा आहे.

रडते म्हणजे दूध नाही, या पहिल्या विधानात बाळ नेमके केव्हा रडते, हा प्रश्नच विचारलेला नाही. तोंडी लावताच रडणाऱ्या बाळाला बहुधा पान्हा फुटेपर्यंतचे मिनिट-दीड मिनिट धीर धरवत नाही. अशा वेळी आधी हाताने थोडे दूध काढून मग पाजावे. एकाच कुशीवर घेतल्यावर रडणाऱ्या बाळाचा कान दुखत असू शकतो, सतत तोंड सोडून श्वास घेणाऱ्याचे नाक चोंदलेले असते, आणि जिभेवर न निघणारा पांढरा थर असल्यास बुरशीमुळे तोंड हुळहुळते. निपाणीकडे घरी विड्या वळणाऱ्या मातांना मी नेहमी सांगत असे, की पाजण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत आणि तंबाखूची धूळ बसलेले लुगडे बदलावे.

नंदगडच्या पुढच्या एका वाडीत, जुलैच्या पावसात, पाच आठवड्यांच्या मुलीला मांडीवर घेऊन रडवेली झालेली एक बाळंतीण मला अजून आठवते. सासूबाई म्हणत होत्या, “दूधच न्हाई हिला, म्हणून वरडतंय.” मी शेजारी बसून पाहिले. मुलीने तोंड लावले, अर्ध्या मिनिटात गटागटा गिळण्याचा आवाज येऊ लागला, ओठांच्या कडेने दूध ओघळले, तिला ठसका लागला आणि ती कमान करून किंचाळली. तोंड सुटताच दुधाची चिळकांडी तिच्या लोकरीच्या टोपऱ्यावर उडाली. दूध अपुरे नव्हते, ते तिला आवरत नव्हते. मी पहिली धार फडक्यात जाऊ दिली, आईला भिंतीला उशी लावून मागे रेलायला सांगितले आणि मुलीला तिच्या छातीवर पालथे, डोके वर राहील असे ठेवले. तिच्या मानेला हात लावला तर ती घामाने ओली होती, म्हणून टोपरे आणि वरचे एक दुपटेही काढले. त्यानंतर ती शांतपणे प्यायली.

संध्याकाळच्या रडण्याविषयीही एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. दिवेलागणीला तास-दोन तास पुन्हा पुन्हा पदर ओढणारी, पितात-सोडतात-रडतात अशी बाळे पुष्कळ असतात. साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास रडणे सर्वांत जास्त असते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ते उतरते. याच काळात छाती पूर्वीसारखी दाटून येत नाही, मऊ लागते, आणि बाळंतीण घाबरते. दूध बाळाच्या मागणीला जुळले, एवढाच त्याचा अर्थ असतो. दूध पुरते की नाही हे ओल्या लंगोटांवरून आणि वजनावरून ठरते: पहिल्या आठवड्यानंतर चोवीस तासांत सहा किंवा त्याहून अधिक लंगोट ओले व्हावेत, जन्मानंतर उतरलेले वजन दोन आठवड्यांत भरून यावे, आणि पुढे पहिले तीन महिने दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढावे. आशा कार्यकर्त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात आणि त्यांच्याजवळ वजनकाटा असतो. भाषेची अडचण वाटली तरी काट्यावरचा आकडा मागून घ्यावा.

चार दिवस अंगावरचे बंद ठेवण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. ज्या घराच्या गोठ्यात म्हैस आहे, त्या घराला हे समजावण्याची गरज पडू नये: धार काढणे सोडले की जनावर आटते. आईच्या शरीरातही दूध जितके निघते तितकेच तयार होते, आणि साठून राहिलेले दूध पुढचे दूध थांबवते. दूध तयार करणारे संप्रेरक रात्री अधिक असते, म्हणून रात्रीची बाटली नेमकी तिथेच घाव घालते. आठवड्याभरात दूध खरोखरच कमी होते आणि घरचे म्हणतात, मजकुरात बरोबरच लिहिले होते. बाधलेले किंवा पातळ दूध म्हणून जे दाखवले जाते, ते पाजण्याच्या सुरुवातीचे दूध असते. स्तन रिकामा होत जातो तशी त्यातील स्निग्धता वाढते, म्हणून बाळाने एक बाजू पुरती पिऊन सोडल्यावर दुसरी द्यावी.

म्हशीच्या दुधात प्रथिने आणि क्षार इतके असतात, की लहानग्याच्या मूत्रपिंडावर ताण येतो, लोह फार कमी असते, आणि निम्मे पाणी घातल्याने पोषणही निम्मे होते. मधातून येणाऱ्या जिवाणूमुळे वर्षाच्या आतील बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. तो बोटभरही देऊ नये. डॉक्टरांनी तपासून पावडरचे दूध सुचवले, तर ते देण्यात कमीपणा नाही, मात्र ते उकळलेल्या पाण्यात, डब्यावरील मापानेच करावे आणि वाटी-चमच्याने पाजावे. आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने अशा दुधाच्या जाहिरातीला बंदी आहे.

बाळंतिणीने पाणी कमी प्यावे, याला काहीही आधार नाही. तहान लागेल तितके तिने प्यावे आणि घरातील सर्वांसाठीचे जेवण भरपूर जेवावे. बाळाला मात्र सहा महिने पाणीही लागत नाही, कारण आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते.

ज्या रडण्यासाठी खरोखर धावायला हवे, त्याविषयी मजकुरात एक ओळही नाही. बाळ एकही वेळ नीट पीत नसेल, मलूल होऊन उठवूनही उठत नसेल, लघवी कमी झाली असेल, टाळू खोल गेली असेल, तीन महिन्यांच्या आतील बाळाला ३८ अंश किंवा अधिक ताप असेल, छाती आत ओढली जात असेल, किंवा दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त होत असेल, तर रात्र असो की पाऊस, १०८ ला फोन करून त्याला दवाखान्यात न्यावे, आणि वाटेतही बाळ ओढत असेल तर अंगावर पाजत राहावे.