दोन नारिंगी, एक भिंत

भिंतीसाठी रंग निवडताना शेड कार्डावरच्या दोन नारिंगी चौकोनांकडे मिनिटभर टक लावून बघा आणि नजर पांढऱ्या भिंतीवर न्या. भिंत निळसर दिसते. नारिंगीनं डोळे थकले, की त्याच्या विरुद्धचा रंग वर येतो. नेमक्या याच अवस्थेत आपण म्हणतो, "हं, डावीकडचा जरा जास्त चांगला वाटतोय."

मी म्हणतो, आधी कार्ड कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवावं. मग एक नारिंगी पिवळ्याकडे झुकलेला कळतो, दुसरा तांबड्याकडे. एलआरव्हीचा, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो त्याचा, आकडा दिला असेल तर तोही वाचावा: ० म्हणजे काळाकुट्ट, १०० म्हणजे शुभ्र. दोघांचे आकडे जवळपास सारखे निघाले, तर उजेडाचा वाद मिटला, भांडण फक्त छटेचं उरलं. (ते जास्त चालतं.) आणि कार्डावरचा रंग चारही भिंतींना लागला, की भिंती एकमेकींवर नारिंगी उजेड फेकतात. कार्डावर सौम्य असलेला रंग खोलीत ओरडायला लागतो.

नमुना जुन्या हिरव्या भिंतीवर लावू नये; हिरव्याशेजारी कुठलाही नारिंगी तांबडाच दिसणार. दोन फुटी पुठ्ठा घ्या, पांढरा प्रायमर, वर रंगाचे दोन हात, कडेनं दोन इंच पांढरी पट्टी सोडलेली. इमल्शन ओलं असताना फिकट असतं, वाळलं की गडद होतं, त्यामुळे त्या दिवशी मत देऊ नये. दुसऱ्या दिवशी सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून बघावं. २७०० केल्विनच्या दिव्याखाली दोघेही ऊबदार दिसतात. ६५०० च्या पांढऱ्याफटक दिव्याखाली त्यांची ऊब उतरते आणि एखादा चक्क मळका दिसतो.

माझा कौल बहुधा तांबूस, मातकट नारिंगीला. त्यातलं लोहाचं रंगद्रव्य खालची भिंत चांगली झाकतं. झगझगीत नारिंगी झाकायला आळशी. दोन हातांचा हिशेब चार हातांवर जातो, नाहीतर खाली आधी त्याच रंगाच्या जवळचा अस्तर द्यावा लागतो. कुठलाही घेतलात तरी सगळे डबे मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्या. डब्याडब्यात किंचित फरक असतो, आणि तो नेमका भिंतीच्या मधोमध उमटतो.

पुठ्ठ्यांच्या मागे पेन्सिलीनं शेड नंबर लिहायला मात्र विसरू नका. दोन दिवस इकडून तिकडे हलवल्यावर एक नारिंगी ठामपणे पसंत पडतो, आणि तो कुठला, हे घरात कुणालाच सांगता येत नाही.