स्तोत्र ९१ आणि आत्याच्या गोळ्या

गेल्या रविवारी उपासनेनंतर आत्याकडे गेले. शोकेसमध्ये पवित्र शास्त्राच्या मागे टीबीच्या गोळ्यांची पाकिटं सरकवून ठेवलेली दिसली. मोजली तर नऊ दिवसांच्या गोळ्या तशाच. विचारलं तर म्हणाली, "अगं, प्रभूवर भरवसा टाकायचा तर पुरता टाकावा. मेसेज आलाय, वाच."

तो मेसेज मलाही तीन ग्रुपांवरून आला होता. मी वाचून सोडून दिला होता, तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं. 'संकटकाळी आशा, शांती आणि विश्वासूपणासाठी सामर्थ्यशाली प्रार्थना' असं वर लिहिलंय. खाली म्हटलंय: बायबलमधलं स्तोत्र ९१ सात दिवस रोज सात वेळा म्हणा आणि अकरा जणांना पाठवा, म्हणजे व्याधी घराला शिवणार नाही. औषधावर विसंबणं म्हणजे देवावर अविश्वास. प्रार्थनेत रडू नका, शंका घेऊ नका, तसं केल्याने उत्तर अडतं. यिर्मया २९:११ प्रमाणे तुमची भरभराट ठरलेली आहे. आणि शेवटी, संत फ्रान्सिस यांनी काळ्या प्लेगमध्ये लिहिलेली म्हणून शांतीची प्रार्थना.

औषधाचं आधी बोलते, कारण त्यात माणूस मरू शकतं.

स्तोत्र ९१ मध्ये संरक्षणाची वचनं आहेत, हे खरंच आहे. पण त्याच स्तोत्रातली ११वी आणि १२वी ओवी शुभवर्तमानात कोण म्हणून दाखवतं? मत्तयाचा चौथा अध्याय उघडा. सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागी उभं करतो आणि म्हणतो, खाली उडी टाक, देवदूत तुला हातांवर झेलतील असं शास्त्रात लिहिलेलं आहे. येशू ते वचन खोटं आहे असं म्हणत नाही आणि उडीही टाकत नाही. तो म्हणतो, "परमेश्वर तुझा देव ह्याची परीक्षा पाहू नको." गोळ्या शास्त्रामागे ठेवून 'आता तू वाचव' म्हणणं ही तीच उडी आहे. आत्याला हा अध्याय मी मोठ्याने वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प बसली.

टीबीचं औषध साधारण सहा महिन्यांचं असतं. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. काही आठवड्यांतच खोकला कमी होतो, ताप जातो, भूक लागते, आणि नेमकं तेव्हाच माणसाला वाटतं की आपण बरे झालो. जंतू मात्र अजून शरीरात असतात. मधेच औषध सोडलं तर उरलेले जंतू पुन्हा वाढतात, त्याच औषधांना दाद देईनासे होतात आणि मग उपचार जास्त लांबतात, जास्त त्रासाचे होतात. शिवाय तो आजार घरातल्या लेकरांना लागू शकतो. आत्याच्या औषधाचा तिसरा महिना चालू होता. तिला बरं वाटत होतं ते गोळ्यांनी, आणि हा मेसेज तिला सांगत होता की गोळ्या म्हणजे अविश्वास.

बायबलमधलाच हिज्कीया राजा बघा, तो मरणाला टेकला होता. त्याने भिंतीकडे तोंड करून प्रार्थना केली, रडला, आणि देवाने त्याचं आयुष्य १५ वर्षांनी वाढवलं. हा निरोप आणणाऱ्या यशया संदेष्ट्यानेच अंजिरांची ढेप आणून गळवावर बांधायला सांगितलं. प्रार्थना ऐकली गेली होती, तरी लेप लावलाच. प्रेषित पौल आपल्या सोबत्याला, लूकला, 'प्रिय वैद्य' म्हणतो. आणि आपल्याच महाराष्ट्रात, मिरजेला डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ साली मिशनचं रुग्णालय उघडलं, ते काय देवावरचा विश्वास उडाला म्हणून? दवाखाने बांधणाऱ्या मंडळींच्या लेकीसुनांना आज कुणी सांगतं की औषध म्हणजे पाप, याचा मला संताप येतो.

आता रडण्याबद्दल. स्तोत्रसंहितेतली जवळपास एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही नाही, तरी ते शास्त्रात आहे. वधस्तंभावर प्रभू स्वतः स्तोत्र २२ च्या शब्दांत विचारतो, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हा अविश्वास होता का? आजारी मुलाला येशूकडे घेऊन आलेला एक बाप म्हणाला, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. येशूने त्याला परत पाठवलं नाही, मुलाला बरं केलं. पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली, काटा गेला नाही. उत्तर आलं, "माझी कृपा तुला पुरे आहे." या मेसेजच्या हिशेबाने पौल अल्पविश्वासी ठरतो.

माझी आत्या गेली दोन वर्षं, काका गेल्यापासून, उशीत तोंड खुपसून रडते. तिला वाटू लागलं होतं की आपल्या रडण्यानेच आजार आला. एका बाईच्या मनात हे घालणाऱ्याने शास्त्र किती वाचलं असेल?

पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले. नवरा १८८२ मध्ये गेला. एकुलती एक मनोरमा १९२१ मध्ये गेली, आणि पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये केडगावला रमाबाई स्वतः. त्याच रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षं मराठी बायबलच्या भाषांतराला दिली. विश्वासूपणा म्हणजे काय ते मला तिथे दिसतं.

यिर्मयाच्या वचनाची गंमत करू नये. ते बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रात आहे. त्याच्या आधीच्याच ओवीत ७० वर्षं लिहिली आहेत. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण परत गेलेच नसतील. त्यांना सांगितलंय की घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात नेलंय त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा. आशा आहे, पण ती पुढच्या महिन्याच्या भरभराटीची नाही.

फ्रान्सिसचं थोडक्यात: तो १२२६ मध्ये वारला, काळा प्लेग युरोपात १३४७ मध्ये आला. ती प्रार्थना पहिल्यांदा छापली गेली १९१२ मध्ये, पॅरिसच्या एका मासिकात, लेखकाच्या नावाशिवाय. प्रार्थना सुंदर आहे, जरूर म्हणा.

आणि हो, एक मान्य करते. स्तोत्र ९१ म्हटल्यावर आत्याला झोप लागते. ख्रिस्ती मंडळी कितीतरी शतकं हे स्तोत्र रात्रीच्या प्रार्थनेत म्हणत आली आहे. पुन्हा पुन्हा म्हणण्यातही काही वाईट नाही, गेथशेमाने बागेत प्रभूने तेच शब्द तीनदा म्हटले. पण सात वेळा आणि अकरा जण ही किंमत कुणी ठरवली? कृपा विकत मिळत नाही, हे आपण संडेस्कूलमध्ये शिकलो.

सोमवारी आत्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर रागावले नाहीत. थुंकीचा नमुना पुन्हा घेतला, गोळ्या सुरू केल्या. आता ती सकाळी स्तोत्र वाचते, मग पाणी घेऊन गोळ्या गिळते. परवा तिने स्वतः ग्रुपवर लिहिलं, "मी औषध परत सुरू केलंय, माझ्यासाठी प्रार्थना करा." खाली चौदा जणींनी आमेन लिहिलंय. मेसेज टाकणाऱ्या बाईंचंही आमेन आहे. मेसेज मात्र अजून तिथेच आहे. ताई, तो काढा, आणि ज्या अकरा जणांना पाठवलात त्यांना फोन करून विचारा की घरात कुणी गोळ्या थांबवल्या आहेत का.