दाढ काढायची, फक्त वार बघून

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला तीन ठिकाणांहून आला. कोपरीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, मामेबहिणीकडून, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बाबांच्या डायलिसिस सेंटरवरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर. ‘किडनीच्या पेशंटने दाताला हात लावू देऊ नये.’ खाली कारणं: रक्त थांबत नाही. भुलीचं इंजेक्शन किडनीला बाधतं, त्यापेक्षा पेनकिलरवर दिवस काढावेत. ट्रान्सप्लांट व्हायचं असेल तर दातांचं नंतर बघावं. हिरड्यांतून रक्त आलं तर ब्रश बंद करून मिठाच्या गुळण्या कराव्यात.

आमचे बाबा तीन वर्षं डायलिसिसवर आहेत आणि मागच्या पावसाळ्यात त्यांची दाढ काढली, म्हणून लिहायला बसले.

आधी रक्ताचं, कारण त्यात अर्धं खरं आहे आणि भीती तिथूनच पसरते. किडनी काम करत नसली की रक्तात जे साठतं त्याने प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) नीट काम करत नाहीत, रिपोर्टात आकडा बरोबर असला तरी. शिवाय डायलिसिसच्या वेळी मशीनमध्ये रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून हेपरिन देतात. म्हणून डायलिसिसच्या दिवशी दात काढायचा नाही, इतकंच. हेपरिनचा असर काही तासांत उतरतो, आणि दुसऱ्या दिवशी रक्तही त्यातल्या त्यात स्वच्छ असतं.

बाबांचं डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार. दाढ निघाली मंगळवारी सकाळी. दातांच्या डॉक्टरांनी आधी नेफ्रोलॉजिस्टची, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांची, चिठ्ठी मागितली, रक्ताचे रिपोर्ट बघितले. आईने दारातूनच सांगितलं, ‘‘डाव्या हाताला बीपीचा पट्टा लावू नका हं, फिस्टुला आहे.’’ (म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी.) दाढ काढल्यावर खड्ड्यात विरघळणारा स्पंज भरला, दोन टाके घातले, वर गॉजचा बोळा दाबून धरायला दिला. अर्ध्या तासाने तो काढला तेव्हा त्यावर फिकट गुलाबी डाग होता, बस्स. आणखी तासभर तिथेच बसवून ठेवलं. सेंटरवर आधीच सांगितलं होतं, त्यामुळे डॉक्टरांना विचारून बुधवारचं डायलिसिस हेपरिनशिवाय केलं.

खरा त्रास झाला तो त्याआधीच्या पंधरा दिवसांत. याच भीतीने बाबा एका बाजूने चावत राहिले, डॉक्टरांनी रोज खायला सांगितलेला अंड्याचा पांढरा भागही सोडला, आणि शेवटी गाल सुजला.

भुलीचं इंजेक्शन म्हणजे बहुतेक वेळा लिग्नोकेन. त्याचं विघटन मुख्यतः लिव्हरमध्ये होतं. योग्य प्रमाणात ते किडनीच्या पेशंटला चालतं.

उलट ज्या पेनकिलरवर दिवस काढायला सांगितलंय, तीच घातक. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधं किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन असतं, व्होवेरान म्हणजे डायक्लोफेनॅक. मेडिकलमध्ये ‘दाढ दुखतेय’ म्हटलं की बऱ्याचदा हेच हातात पडतं. बाबांना अजून थोडी लघवी होते. ती उरलीसुरली ताकद एका गोळीपायी घालवायची? ‘डायलिसिस आहेच, आता काय बिघडणार’ असंही म्हणू नका, या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या डोसमध्ये.

ट्रान्सप्लांटचा मुद्दा वाचून मात्र मला राग आला. नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवतात. अशा वेळी कुजलेल्या दाढेच्या मुळाशी साठलेला पू जिवावर बेतू शकतो. म्हणून तर ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत दात बघतात आणि वाईट दात आधीच काढून टाकतात. एकदा ट्रान्सप्लांट झालं की पहिले काही महिने तातडीचं सोडून दातांची कामं पुढे ढकलतात, मग ‘नंतर’ कधी बघणार?

नंतर दात विसरायचे असंही नाही. आमच्या सेंटरवर पूर्वी येणाऱ्या एका काकांच्या हिरड्या ट्रान्सप्लांटनंतर इतक्या वाढल्या की पुढचे दात अर्धे झाकले गेले. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या सायक्लोस्पोरिनने असं होतं, बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिननेही होऊ शकतं. दातांच्या डॉक्टरांना औषधांची पूर्ण यादी दाखवा. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक दिलं तर टॅक्रोलिमसचं (हेही प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) रक्तातलं प्रमाण वाढतं आणि नव्या किडनीलाच इजा होते.

ब्रश बंद करू नका. पाणी मोजून प्यायल्याने तोंड कोरडं पडतं, दात लवकर किडतात. ब्रश मऊ घ्या. मिठाची गुळणी केलीच तर नीट थुंका, पोटात मीठ जाता कामा नये.

हे सगळं मी सेंटरच्या ग्रुपवर टाकलं तेव्हा एका मावशींनी विचारलं, ‘‘आमचं मंगळवार, गुरुवार, शनिवार असतं गं, आम्ही कधी जायचं?’’ बुधवारी किंवा शुक्रवारी, मावशी. सकाळची वेळ घ्या, आणि आदल्या दिवशी सेंटरवर सांगून ठेवा.